स्वतःला बरं म्हणण्याचा कोर्स

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळात रवींद्र घैसासांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांनी ज्याची एकदा तरी फिरकी घेतली नाही असा तर शोधूनही सापडला नसता. गणेशोत्सवाचा माइक सलग सात वर्षं त्यांच्याकडे होता. शाळेचं सभागृह भाड्यानं घ्यायचं, शनिवार-रविवार गाठून गणपती बसवायचा, आणि कोणी गायलं, नाचलं, नाटुकलं केलं की मागून घैसासांनी येऊन त्याची सालं काढायची, असा क्रम ठरून गेला होता. लोक कार्यक्रमाला थोडे आणि घैसासांना जास्त यायचे. "आज कोणाचा नंबर?" असं विचारत यायचे. नंबर स्वतःचाच लागला तर हसत हसत घरी जायचे, आणि गाडीत बसल्यावर काय बोलायचे ते त्या गाडीलाच माहीत.

घैसास स्वतःलाही सोडत नसत, हे मान्य केलं पाहिजे. उलट स्वतःवर त्यांचा हात जरा जास्तच चालायचा. टक्कल, पोट, चार वेळा नापास झालेली ड्रायव्हिंग टेस्ट, सगळं त्यांनी जाहीर करून टाकलेलं होतं. "आमच्यासारख्या गाढवाला व्हिसा दिला, त्यावरूनच या देशाची अवस्था कळते," हे वाक्य मंडळातल्या लहान मुलांनाही पाठ होतं. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी अडचण आली तर पहिली गाडी घैसासांची पोचायची. फक्त पोचल्यावर ते तोंड उघडायचे.

२००५च्या गणपतीत त्यांची मुलगी ज्ञानदा व्हायोलिनवर अभंग वाजवायला उभी राहिली. तेरा वर्षांची पोर. दुसऱ्या कडव्यात अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली. सभागृह शांत झालं. आता शांतता झाली की ती भरून काढायची ही घैसासांची सात वर्षांची नोकरीच होती. ते माइक घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "मंडळी, माल मेड इन यूएसए आहे. वॉरंटीत बदलून मिळतो का बघतो!" तीनशे माणसं हसली. ज्ञानदाही हसली. घैसासांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पुढे कित्येक महिने ते बायकोला हेच सांगत राहिले की पोरगी हसली होती गं.

त्या रात्री व्हायोलिनची पेटी पलंगाखाली गेली. शाळेचा ऑर्केस्ट्राही तिनं सोडला. पहिला आठवडा घैसास म्हणाले, "फुगलीये." पहिला महिना म्हणाले, "वयच तसं आहे." नाताळ उलटून गेला तेव्हा त्यांच्याकडे म्हणायला काही उरलं नाही. संध्याकाळी साडेसहाला, ऑफिसातून येऊन बूट काढता काढता वरच्या खोलीतून व्हायोलिन ऐकायची त्यांना सवय झाली होती. आता बूट काढले की बूटच दिसायचे. तिनं परत वाजवावं एवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून हवी होती. माफी मागणं हा एक उपाय होता, पण बापानं मुलांची माफी मागायची पद्धत त्यांच्या सांगलीत कोणी पाहिलेली नव्हती. पुढे त्यांना जे जे काही मिळालं, ते सगळं न मागता मिळालं.

सुरुवात एका फॉर्मनं झाली.

घैसास एका टेलिफोन कंपनीच्या बिलांची सॉफ्टवेअरं सांभाळत. दर जानेवारीत तिथे प्रत्येकानं स्वतःच्या कामाचं परीक्षण स्वतःच लिहून द्यायचं असे. आजवर ते कसंबसं भरून देत आले होते. त्या वर्षी त्यांना वाटलं, इतकी वर्षं झाली, आता आपलीच माणसं आहेत, जरा मोकळेपणानं लिहावं. आणि त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर स्वतःला दोन दिले. 'या वर्षीची सर्वांत मोठी कामगिरी' याच्यापुढे लिहिलं, 'मी असूनही सिस्टिम चालू राहिली.' 'सुधारणेला वाव' याच्यापुढे, 'मानेच्या वरचा सगळा भाग.' 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' याच्यापुढे, 'याच खुर्चीत, तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही तर.'

आता आपल्याकडे हा दोघांनी खेळायचा खेळ आहे. यजमानीण म्हणते, "काही विशेष नाही हो, घाईघाईत चार घास केलेत." त्यावर पाहुण्यानं तोंडात घास असतानाच ओरडायचं असतं, "अहो, काय बोलता! अशी बासुंदी आयुष्यात खाल्ली नाही!" एकानं खाली बसायचं, दुसऱ्यानं हात देऊन उठवायचं. घैसासांनी फॉर्म भरला आणि निवांतपणे खाली बसून राहिले. आता मॅनेजर येणार, हसणार, पाठीवर थाप मारणार आणि म्हणणार, "छे छे रवी, दोन कसले, पाच घे!"

मॅनेजर शेरिल आली ती हसत नव्हती. तिनं त्यांना खोलीत नेलं, दार लावलं, काचेवरचा पडदा ओढला आणि टिशूचा खोका टेबलावर मधोमध ठेवला. फॉर्मवर पिवळ्या पेनानं रेघा मारलेल्या होत्या.

"रवी," ती अगदी हळू म्हणाली, "हू टॉक्स टू यू लाइक धिस?"

"नोबडी. आय अ‍ॅम जोकिंग."

शेरिलनं समजुतीनं मान हलवली. गंमत केली असं म्हणणं हेही त्यातलंच एक लक्षण असतं, असं तिनं गेल्याच महिन्यात एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. घैसासांनी आणखी दोन विनोद करून पाहिले. प्रत्येक विनोदाला तिनं टिशूचा खोका बोटभर पुढे सरकवला. शेवटी बाईच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि घैसासांनीच तिला एक टिशू काढून दिला.

आठ दिवसांत एचआरचं पत्र आलं. आठ शनिवारचा कोर्स, कंपनीच्या खर्चानं. विषय: मन भानावर ठेवणे आणि स्वतःशी करुणेने वागणे.

पद्मिनीनं, म्हणजे घैसासांच्या बायकोनं, पत्र दोनदा वाचलं. "चला, कंपनीच्या लक्षात आलं," ती म्हणाली. "मला वीस वर्षं लागली होती."

क्लास होता नखं रंगवायचं दुकान आणि पिझ्झाचं दुकान यांच्यामधल्या एका गाळ्यात. शिकवणारा डग हा दाढीवाला, मोजे काढून बसणारा, हिमालयात तीन महिने राहून आलेला गृहस्थ होता. दहा-बारा माणसं गोल करून बसली होती. डगनं प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवला आणि सांगितलं, हा आयुष्यातला पहिला मनुका आहे असं समजून बघा. मग वास घ्या. मग कानाशी न्या. मग जिभेवर ठेवा, चावू नका. घैसासांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात मंडळात तीनशे जणांना शिरा वाटून होतो, आणि वर पाच जण दुसऱ्यांदा रांगेत लागतात.

"लहानपणी तुम्ही ध्यानाला बसत असाल ना?" डगनं त्यांना हात जोडून विचारलं.

"दिवे जायचे तेव्हा," घैसास म्हणाले. "दुसरं काही करता यायचं नाही."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून ते वाक्य आत घेतलं. एका बाईनं वहीत उतरवलं.

दुसऱ्या शनिवारी डगनं सांगितलं, तुमचा जिवलग मित्र आयुष्यात सपशेल हरून तुमच्याकडे आला आहे असं समजा. तुम्ही त्याला काय म्हणाल? लोक काय काय बोलले. मी त्याला जवळ घेईन. मी म्हणेन, तू एकटा नाहीस. घैसासांची पाळी आली. त्यांना त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र संजय आठवला, जो असा खरोखर एकदा आला होता.

"मी म्हटलं, वाटलंच होतं मला."

वहीत उतरवणाऱ्या बाईनं पेन खाली ठेवलं.

"मग मी म्हटलं, आता आलाच आहेस तर जेवून जा, नाहीतरी दुसरं काय जमतंय तुला." घैसासांना आठवून हसू येत होतं. "तो पंधरा दिवस राहिला आमच्याकडे. तीन किलो वजन वाढवून गेला."

हे ऐकून लोक गोंधळात पडले. पंधरा दिवस राहू दिलं हे त्यांना पटत होतं आणि 'वाटलंच होतं' हे पटत नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच जेवणाआधी केल्या हे तर मुळीच बसत नव्हतं. डगनं बराच विचार करून सांगितलं की पौर्वात्य करुणेची वाट वेगळी असते. त्या दिवसापासून घैसासांचं वर्गातलं स्थान पालटलं. ते "मी मूर्ख माणूस आहे" म्हणाले की आजूबाजूचे खाली मान घालत, कारण ही पूर्वेकडची नम्रता होती. तेच वाक्य ऑफिसात आजार होतं, मंडळात विनोद होतं, आणि मनुक्याच्या दुकानात ज्ञान. मधल्या सुट्टीत मार्जरी नावाच्या आजी त्यांना संस्कृत शब्दांचे उच्चार विचारायला येत. दहावीला संस्कृतात काठावर पास झालेले घैसास ते ठणकावून सांगत.

मार्जरीआजींची मात्र एक गोष्ट त्यांना कळेना. एकदा त्यांच्या हातून चहाचा कप स्वतःच्याच मांडीवर सांडला. आजी खाली बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आलीस का गं बाई, आज उशीर केलास!" वेंधळेपणाला म्हणाल्या, जुनी मैत्रीण आल्यासारखं. सगळे हसले. घैसासही हसले, पण नंतर गाडी चालवताना विचार करत राहिले, यात जोक कुठे होता? कोणाची उतरली नाही, कोणाला टोचलं नाही, मग हसलो कशाला?

घरचा अभ्यास म्हणून रोज एकाशी चांगलं बोलायचं होतं. घैसासांनी जेवताना प्रयोग केला. "पद्मिनी, आमटी छान झालीये."

पद्मिनीनं पळी खाली ठेवली. "अहो, नोकरी गेली का?"

मग त्यांनी संजयला फोन करून सांगितलं की तुझी मैत्री मला मोलाची वाटते. संजय घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रव्या, डॉक्टर नक्की काय म्हणाले?" आणि रविवारी सकाळी तो पिस्कॅटवेहून चार तास ड्राइव्ह करून फळं घेऊन दारात उभा राहिला.

ज्ञानदाला ते म्हणाले, "तू व्हायोलिन छान वाजवायचीस."

"इज धिस होमवर्क?" तिनं पुस्तकातून डोकं न काढता विचारलं.

तो होमवर्कच होता.

सातव्या शनिवारी डगनं कागद वाटले. चूक झाली की आपल्या डोक्यात कोणती तीन वाक्यं येतात ती लिहायची. घरातल्या एकाला वेगळ्या कागदावर त्याची वाक्यं लिहायला सांगायची, आणि मग कागद बदलायचे. पद्मिनी म्हणाली, "माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या असतात, तीन झाल्या की गॅस बंद. लिहून घ्या." उरली ज्ञानदा. तिनं खांदे उडवले आणि पाच मिनिटांत कागद लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

घैसास चष्मा लावून हसायच्या तयारीनं बसले. पोरगी विचार इंग्रजीत करायची, भांडायची इंग्रजीत, झोपेत बरळायची इंग्रजीत. कागदावरची तिन्ही वाक्यं मराठी होती. अक्षरं तेवढी इंग्रजी.

राहू दे, तुला नाही जमायचं.

अरे वा, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!

अक्कल वाटत होते तेव्हा ही रांगेत नव्हती.

पहिलं ते म्हणाले होते ती पाच वर्षांची असताना, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला धडपडत होती तेव्हा, तिचा पापा घेता घेता. दुसरं तिनं पहिल्यांदा स्वतःचं अंथरूण आवरलं तेव्हा. तिसरं पाहुण्यांसमोर, तिला सगळ्या विषयांत 'ए' मिळाल्याच्या दिवशी, छाती फुगवून. तिन्ही वेळी त्यांना ती इतकी आवडली होती की सांगता सोय नाही.

"अगं, पण ही गंमत आहे!"

"आय नो, बाबा."

"मग?"

"तू विचारलंस डोक्यात काय येतं. हे येतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर घैसासांना सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिला सगळा खेळ समजावून सांगितला. आपल्यात असं बोलतात तेव्हा अर्थ उलटा असतो. तोंडावर कौतुक केलं की मूल शेफारतं, दृष्ट लागते. अक्कल नाही म्हणजे खूप अक्कल आहे. तुला नाही जमायचं म्हणजे तुला सगळं जमणार. ज्ञानदानं नीट ऐकून घेतलं. गणित कळल्यासारखी तिनं मान हलवली.

"ओके. म्हणजे हे सगळं उलटं असतं," ती म्हणाली. "देन खरं कोण सांगतं? आणि कधी?"

उत्तर घैसासांना माहीत होतं. त्यांचे वडील अण्णा सांगलीत शाळामास्तर होते. घैसासांना गणितात ब्याण्णव पडले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "उरलेले आठ कुठे सांडलेस?" अमेरिकेची नोकरी लागल्याचं कळवलं तेव्हा म्हणाले, "तिथे माणसं कमी पडली वाटतं." अण्णा गेले आणि तेराव्याच्या पंगतीत शेजारचे काका भात कालवत सहज बोलून गेले की तुझं प्रत्येक पत्र अण्णा अख्ख्या आळीला वाचून दाखवायचे, पाठ झालं होतं आम्हाला. घैसासांना ते सदतिसाव्या वर्षी, पानावर बसल्या बसल्या कळलं. मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं की तेराव्याला सांगतात.

"तू चांगलं वाजवतेस," ते म्हणाले.

ज्ञानदा म्हणाली, "अँड?"

"आणि काय?"

"देअर इज ऑलवेज अ‍ॅन अँड, बाबा."

"आणि काही नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि... त्या दिवशी मी माइकवर जे बोललो ते चुकलं माझं. बोलायला नको होतं."

विनोद येईल म्हणून ती वाट बघत होती. तो आला नाही, तेव्हा "ओके" म्हणून वर निघून गेली. आठव्या शनिवारी कोर्स संपला. मार्जरीआजींनी घैसासांना मिठी मारली, आणि ऑफिसात शेरिलनं त्यांना पाचपैकी चार देऊन टाकले.

जूनमध्ये एकदा गाडीत ज्ञानदा स्वतःहून म्हणाली, "मी गणपतीत वाजवीन. पण माइक तुझ्याकडे नको."

सात वर्षांची गादी होती. घैसासांना तीन दिवस झोप आली नाही. एकदा तर त्यांनी पद्मिनीला विचारून पाहिलं की तेवढ्या एकाच कार्यक्रमापुरता माइक दुसऱ्याकडे दिला तर नाही का चालणार? पद्मिनीनं नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी मंडळाचे अध्यक्ष अनिल यांना फोन केला. अनिल म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" माइक शोभाकाकूंना मिळाला. त्यांनी चिठ्ठ्यांवर सगळं लिहून आणलं, आणि "यानंतर सादर होत आहे" याशिवाय एक अक्षर वावगं बोलल्या नाहीत. ऑगस्टअखेरच्या त्या कार्यक्रमात लोक जांभया देत घैसासांकडे बघत होते. आपली सालं निघाली नाहीत याचं कोणाला सुख होतं म्हणावं, तर तसंही दिसेना.

घैसास तिसऱ्या रांगेत बसले होते, हात मांडीखाली दाबून. ज्ञानदा उभी राहिली. अभंग नवीन निवडला होता. छान चाललं होतं, आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी तिचा गज घसरला. सूर फाटला. ती थांबली.

सभागृहातली तीनशे डोकी एकदम वळली ती स्टेजकडे नाही, घैसासांकडे. सवयच ती. आणि खोटं कशाला बोला, जिभेवर वाक्य तयार होतं. सात वर्षांतलं सर्वांत उत्तम वाक्य. घैसासांनी दात घट्ट मिटून घेतले आणि समोर बघत राहिले. ज्ञानदाही त्यांच्याकडेच बघत होती. तिनं दोन क्षण वाट पाहिली.

मग तिनं व्हायोलिन हनुवटीखालून काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दमलास? चल, अजून एकच कडवं राहिलंय."

लोक हसले. मागच्या रांगेपर्यंत हसले. शोभाकाकू चिठ्ठ्या सोडून हसल्या. घैसासांनी आयुष्यभर हशा मोजलेला होता, त्यांचा अंदाज चुकायचा नाही. हा त्यांच्या वॉरंटीच्या जोकपेक्षा मोठा होता, आणि तो ऐकून ज्याला खाली बघावं लागलं असा एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. ज्ञानदानं गज उचलला आणि ते कडवं शेवटपर्यंत वाजवलं.

घैसासांना आनंद झाला, डोळ्यांत पाणीही आलं. पण ते जरा नंतर. त्याच्या आधी, हशा चालू होता तेवढा वेळ, त्यांना आपल्या मुलीचा हेवा वाटला.